मुक्या सडकेची टीम

आमच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमला मैदानावर बोलता येत नसे. हसू नका. बॉल घेता यायचा, देता यायचा, हेडिंग तर आमच्यासारखं अख्ख्या युनिव्हर्सिटीत कोणी करत नव्हतं. पण तोंडातून आवाज म्हणून निघायचा नाही. टीममधली निम्म्याहून जास्त पोरं भिलाईच्या सेक्टर 2 मधल्या एकाच सडकेवर वाढलेली, आणि त्या सडकेवर फुटबॉल खेळायचा तर तोंड शिवून खेळायचा, असा लहानपणापासूनचा कायदा होता.

कायदा माझ्या आईनं केलेला.

माझे वडील श्यामराव स्टील प्लांटच्या रेल मिलमध्ये होते. प्लांट कधी झोपत नाही, म्हणून माणसांना पाळीपाळीनं जागावं लागतं. एक आठवडा ए शिफ्ट, सकाळची. मग बी, दुपारची. आणि मग सी, रात्रभराची. सी शिफ्टच्या आठवड्यात बाबा उजाडल्यावर सायकलनं घरी येत, चहा घेत आणि मागच्या खोलीत जाऊन पडत. ते पडले की आई त्यांचं हेल्मेट क्वार्टरच्या फाटकाला उलटं अडकवून ठेवायची. उलटं हेल्मेट म्हणजे आत माणूस झोपलाय. वर्ध्याकडून आलेल्या या बाईला ही खूण कुठून सुचली देव जाणे, पण दोन-तीन वर्षांत सडकेवरच्या सगळ्या बायकांनी ती उचलली. मग आठवडा कोणताही असो, कुठल्या ना कुठल्या फाटकावर हेल्मेट उलटं असायचंच.

हेल्मेट दिसलं की भाजीवाला हाळी बंद करून गाडी नुसती ढकलत न्यायचा. आई स्वतः त्या आठवड्यात कुकर लावायची नाही, शिट्टी होते म्हणून. डाळ पातेल्यात शिजायची आणि दुपार झाली तरी शिजतच असायची. आम्ही पोरं खेळायचो, पण मुक्यानं. पास हवा तर हात वर करायचा. मागून माणूस येतोय हे डोळ्यांनी सांगायचं. गोल झाला की तोंड उघडून, उड्या मारून, आवाज न करता ओरडायचं. गावाकडून आलेल्या पाहुण्यांना वाटायचं, या सडकेवरच्या पोरांना काहीतरी झालंय.

आई मारायची नाही. पदर खोचून नुसती फाटकात येऊन उभी राहायची. तेवढं पुरे व्हायचं.

या असल्या पोरांची टीम कॉलेजात नरहरी सरांच्या गळ्यात पडली. सर आमचे खेळाचे मास्तर, अमरावतीला शिकून आलेले, भरघोस मिशांचे आणि कायम वैतागलेले. मॅच चालू असताना ते एकटेच रेषेवरून बोंबलत असत आणि आत बावीस पोरांपैकी फक्त समोरच्या टीमची पोरं बोलत असत. “अबे, मी फुटबॉलची टीम बनवून राहिलो का मुक्यायची शाळा काढून राहिलो?” असं ते दर मॅचनंतर विचारायचे. एकदा त्यांनी आम्हाला शिक्षा म्हणून मैदानाच्या फेऱ्या मारायला लावल्या, प्रत्येकानं पुढच्याचं नाव ओरडत. आम्ही कुजबुजत फेऱ्या मारल्या. सरांनी टोपी काढून जमिनीवर आपटली.

मी टीमचा कॅप्टन. अरुणकुमार म्हणून कॉलेजच्या रजिस्टरात, अरुण्या म्हणून सगळीकडे. खेळायचो स्टॉपर, म्हणजे गोलकीपरच्या, आमच्या भाषेत गोलीच्या, पुढचा शेवटचा माणूस. स्वभावानं तापट होतो, अजूनही आहे, बायकोला विचारा. पण मैदानावर तो राग दातओठ खाऊनच काढावा लागे, कारण ओरडायची जीभच मला आली नव्हती. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला पोचलो तरी आमची टीम कधी दुसऱ्या फेरीच्या पुढे गेली नव्हती. बॉल चांगला खेळून हरण्यासारखा संताप दुसरा नाही.

त्या वर्षी, म्हणजे एक्याऐंशी साली, आम्हाला नवा गोली मिळाला. लहानू त्याचं नाव. चरोद्याचा. चरोदा म्हणजे रेल्वे कॉलनी, मार्शलिंग यार्डाला चिकटून. वडील यार्डात पॉइंट्समन, रुळांचे सांधे बदलणारे. तिथं दिवसरात्र वॅगनी एकमेकींवर आदळतात, इंजिनं शिट्ट्या मारतात. घरात आईकडे भाकर मागायची तरी ओरडूनच मागावी लागते. लोकलनं पॉवर हाऊस स्टेशनला उतरून, तिथं ठेवलेल्या सायकलनं तो प्रॅक्टिसला यायचा, आणि तो आल्याचं आम्हाला तो दिसायच्या आधी कळायचं.

पहिल्याच दिवशी गोलमधून त्यानं आवाज लावला. “अरुण्या, मॅन! पीछे मॅन! लेफ्ट, लेफ्ट! छोड, मेरा बॉल!” मी असा दचकलो की पायातला बॉल सोडून मागं वळलो. मला वाटलं, कोणाला लागलं.

प्रॅक्टिस संपल्यावर मी त्याला बाजूला घेतलं. “जरा हळू बोलत जा नं बे. मी बहिरा नाही.”

“तू बहिरा नाही, मुका हायेस,” तो म्हणाला. पहिल्या वर्षाचा पोट्टा आणि कॅप्टनला असं तोंडावर. “मले गोलमधून सारं ग्राउंड दिसते. तुले तुह्या नाकापुढचं दिसते. मी नाही सांगन त कोण सांगन?”

उत्तर बरोबर होतं म्हणून मला त्याचा जास्तच राग आला. दोन दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. तो मात्र माझ्याशी बोलतच होता, मैदानभर ऐकू जाईल असा.

मग एके दिवशी तो मला बोलवायला घरी आला. सी शिफ्टचा आठवडा, फाटकावर उलटं हेल्मेट. त्या बिचाऱ्याला काय माहीत! फाटकात सायकल टेकवून त्यानं “अरुणऽऽ!” अशी जी हाक मारली, ती दुर्गपर्यंत गेली असेल. आई पदर खोचतच बाहेर आली. तिनं त्याला झापलं ते कुजबुजत झापलं, आणि कुजबुजून झापलेलं जास्त लागतं.

“डोळे फुटले का रे तुहे? हेल्मेट दिसत नाही? माणूस रातभर तापल्या लोखंडासमोर उभा राहून आला, अन् तू दारात बोंबलून राहिला!”

लहानूचा चेहरा उतरला. मग आईलाच वाईट वाटलं. तिनं त्याला मागच्या अंगणात बसवलं आणि पोह्यांची बशी हातात दिली. तो खाली मान घालून खात होता. थोड्या वेळानं हळूच म्हणाला, “काकू, आमचे बाबा बी नाईट करतेत. पण यार्डाच्या आवाजात मस्त झोपतेत. उलट यार्ड बंद पडला त उठून बसतेत.”

“तुहे बाबा वेगळे,” आई म्हणाली. “याईची झोप लय नाजूक आहे. पान पडलं तरी जागे होतात.”

हे ती नेहमी सांगायची, आणि कपाटातल्या काचेच्या बरणीबद्दल सांगावं तसं सांगायची. एवढी वर्षं घरात पोरंसोरं असून बरणीला तडा गेला नाही, याचं सगळं श्रेय अर्थात तिचं. लहानूनं मान डोलावली. त्या दिवसापासून उलटं हेल्मेट दिसलं की तो सायकलवरून उतरून पायी चालायचा.

टीममध्ये मात्र तो आमचं ऐकेना आणि हळूहळू आम्हीच त्याचं ऐकायला लागलो. सवय लागते माणसाला. आधी मी “मॅन” म्हणायला शिकलो, मग “छोड” म्हणायला. मग आमचा फॉरवर्ड एकदा चक्क “इधर दे ना यार!” असं ओरडला आणि स्वतःच लाजला. नरहरी सरांनी त्या दिवशी सगळ्यांना जिलेबी खाऊ घातली. पहिली मॅच जिंकलो. दुसरी जिंकलो. सेमीफायनलला पोचलो तेव्हा कॉलेजात आम्हाला कोणीतरी ओळखायला लागलं होतं, मुलीसुद्धा.

याच सुमारास सरांनी मला बोलावून घेतलं. टूर्नामेंट संपली की त्यातून युनिव्हर्सिटीची टीम निवडणार होते. निवडलेल्यांचा रायपूरला कॅम्प, मग बाहेरगावी मोठी टूर्नामेंट, देशभरातल्या युनिव्हर्सिट्या. महिन्याभराच्या वर काम.

“तुहं नाव घेतीनच ते,” सर म्हणाले. “पण पोट्टे निवडतेत अन् मंग घरचे पाठवत नाहीत, असं दरवर्षी होते. फायनलच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मले घरचा होकार पाहिजे. नाही त मी दुसऱ्याचं नाव पुढं करीन.”

मला त्या टीममध्ये जायचं होतं. नोकरी काय, प्लांटमध्ये किंवा कुठे तरी मिळालीच असती. पण युनिव्हर्सिटीची जर्सी आयुष्यात एकदाच, आणि ते त्याच वर्षी. मी घरी जाऊन ताटावर बसल्याबसल्या सांगून टाकलं.

“परीक्षा सोडून महिनाभर बॉलच्या मागं पळशीन?” आई म्हणाली. “काही जरूर नाही.”

बाबांनी घास संपवला. बाबा बोलायचे कमी, आणि जे बोलायचे ते आधी मनात तासून घेतल्यासारखं. “मी तुहा खेळ कधी पाहिलाच नाही,” ते म्हणाले. “न पाहता हो कसं म्हणू? अन् नाही तरी कसं म्हणू? एकडाव पाहतो, मंग सांगतो.”

“मंग बाबा म्हणतीन तसं,” आई म्हणाली.

बोलणं इतकं सरळ होतं की त्याच्याशी भांडताही येईना, आणि भांडता न आलेला राग माझ्या अंगात दिवसभर फिरत राहायचा. कारण बाबांनी खेळ पाहायचा कधी? आमच्या मॅच दुपारच्या. बी शिफ्ट असली की त्या वेळी ते मिलमध्ये. ए शिफ्ट असली की दोनला सुटी, पण बदलीचा माणूस आला नाही तर थांबावं लागे, आणि आमच्या दुसऱ्या मॅचला नेमकं तसंच झालं होतं. सेमीफायनल दुर्गला होती आणि त्या दिवशी त्यांचा रजेचा वार होता. सदरा घालून तयार होते; तर वर्ध्याहून मामा सामानासकट दारात हजर. मामांना त्या दिवशी मी जो नमस्कार केला, तो त्यांनी आयुष्यभर लक्षात ठेवला.

सेमीफायनल आम्ही जिंकली. राहिली फायनल, आमच्याच कॉलेजच्या मैदानावर, रायपूरच्या टीमशी. आणि तो आठवडा सी शिफ्टचा.

“दुपारी साडेतीनले?” आई म्हणाली. “मंग झोपायचं कधी त्याईनं? मी नाही पाठवत.”

“आई, एक दिवस!”

“एक दिवस झोप मोडली त आठ दिवस डोकं दुखते त्याईचं. तुले काय माहीत!”

फायनलच्या दिवशी सकाळी बाबा घरी आलेच नाहीत. शेजारचे भय्याजी प्लांटमधून येताना निरोप घेऊन आले: बदलीचा माणूस आला नाही, श्यामरावांना डबल करावी लागणार, म्हणजे रात्रभराची ड्यूटी करून वर सकाळचीही, दोन वाजेपर्यंत. आईनं कपाळाला हात लावला. मी जर्सी पिशवीत कोंबली आणि न जेवता निघालो. डबल करून आलेला माणूस साडेतीनला मॅच पाहायला जातो, असं भिलाईत कधी कोणी ऐकलं नव्हतं.

आमच्या मैदानाला एका बाजूनं तारेचं कुंपण होतं आणि कुंपणाला लागून कडुनिंबाची झाडं. आमचे लोक त्या सावलीत बसायचे. त्या दिवशी जवळजवळ आमची अख्खी सडक तिथं होती. भय्याजी दोन तास झोपून उठून आले होते आणि सगळ्यांना चणे वाटत होते.

मॅच सुरू झाली आणि थोड्याच वेळात कुंपणापलीकडे ओळखीची सायकल दिसली. बाबा. अंगावर प्लांटचेच कपडे, ग्रीसचे डाग पडलेले. दोनची बदली पुन्हा उशिरा आली असावी; मेन गेटवरून ते घरी न जाता सरळ इकडे आले होते. सायकल त्यांनी झाडाला टेकवली, हेल्मेट काढून कुंपणाच्या खांबाला अडकवलं, खोडाला पाठ लावून बसले आणि माझ्याकडे पाहून हात हलवला. मला इतका आनंद झाला की पुढचा बॉल मी उगाचच आभाळात मारला.

आमची टीम त्या दिवशी काय बोलत होती म्हणून सांगू! लहानू मागून, मी मधून, फॉरवर्ड पुढून. कुंपणावरून सडक ओरडत होती. मी प्रत्येक टॅकलनंतर चोरून तिकडे पाहत होतो. चौथ्या की पाचव्या वेळेला पाहिलं तर बाबांची मान एका खांद्यावर पडली होती आणि तोंड उघडं होतं. ते झोपले होते.

आणि वर खांबावर हेल्मेट, उलटं. घरी आई अडकवते तसंच; रोज पाहून त्यांच्याही हाताला सवय, दुसरं काय.

मला संताप आला. एकदाच तर पाहायचं होतं! तोही नाही! पण संताप यायच्या आत दुसरंच काही झालं होतं. मी “मॅन” असं ओरडायला तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं. ठरवून नाही. जीभच वळेना. आमच्या सडकेच्या राइट हाफनंही ते हेल्मेट पाहिलं आणि पास मागायला हात वर केला, मुक्यानं. मग फॉरवर्डनं. कुंपणावर कोणीतरी बोललं, “हळू रे, श्यामराव झोपले,” आणि आमचे लोक एकेक करून गप्प होत गेले. नरहरी सर रेषेवर थयथयाट करत होते. भय्याजींनी जाऊन त्यांच्या दंडाला हात लावला. “सर, जरा हळू. डबल करून आला माणूस.”

लहानू काही आमच्या सडकेचा नव्हता. तो एकटा बोंबलत राहिला असता तर पुढचं टळलं असतं. पण त्याची नजर खांबावर गेली आणि त्याला माझी आई आठवली असावी.

रायपूरच्या हाफमधून एक लांब बॉल आला, माझ्या आणि लहानूच्या बरोबर मधे टप्पा पडेल असा. असा बॉल गोलीचा. गोलीनं फक्त “माझा” म्हणायचं असतं. मी थांबलो, तो म्हणेल म्हणून. तोही थांबला, मी मारीन म्हणून. दोघं एकमेकांकडे पाहत उभे, आणि बॉल आमच्यामधून उड्या मारत चाललेला. रायपूरचा फॉरवर्ड आला आणि त्यानं तो सहज पायानं गोलमध्ये ढकलला. देवळाबाहेर चप्पल बाजूला सारावी इतक्या सहज.

रायपूरवाले ओरडून, नाचून परत आपल्या हाफमध्ये गेले. रेफरीनं बॉल मधे ठेवला. आता मात्र मैदानावर खरोखर सामसूम झाली. पानाचा आवाज येईल अशी.

आणि बाबा खडबडून उठून उभे राहिले. “काय झालं?” ते मोठ्यानं म्हणाले. “मिल कावून थांबली?”

आधी कोणाला कळलंच नाही. मग कुंपणभर हसू फुटलं. भय्याजींनी त्यांना धरून समजावलं की ही मिल नाही, मैदान आहे, आणि तुमची झोप मोडू नये म्हणून सगळे गप्प बसलेत. बाबांनी सगळ्यांकडे पाहिलं. मी माझ्या बापाला इतका चिडलेला पूर्वी पाहिला नव्हता.

“झोप मोडन म्हणून? अबे, गप्प झाले म्हणूनच त मोडली! बोंबला नं सारेजण! मले झोपू द्या!”

एवढं बोलून ते पुन्हा खोडाला टेकले, दोन्ही हात छातीवर बांधले आणि डोळे मिटले.

मैदानात शांतता होती म्हणून आम्हाला शब्द न् शब्द ऐकू आला. लहानूनं ग्लव्हजवर थुंकी लावली. “ऐकलं का कॅप्टन?” तो म्हणाला. “ऑर्डर मिळाली.”

त्यानंतर जो आवाज झाला तो मी विसरणार नाही. आमची सडक इतकी वर्षं जे गिळत आली होती ते सगळं त्या दुपारी बाहेर पडलं. भय्याजी तर कुंपणावर चढून शिव्या देत होते, आणि त्यांना शिव्या येतात हेच आम्हाला माहीत नव्हतं. उत्तरार्धात आम्हाला कॉर्नर मिळाला. मी पुढे गेलो. मैदानाच्या त्या टोकावरून लहानूची हाक आली, “अरुण्या, दुसऱ्या पोस्टवर जाय!” गेलो. बॉल तिथंच आला. डोक्यानं आत घातला. तोंड उघडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा गोल मारून मी आवाज काढून ओरडलो. घसा फाटला.

एक-एक. जादा वेळ खेळलो, तरी एक-एक. अंधार पडायला लागला तेव्हा रेफरीनं दोन्ही कॅप्टनना बोलावलं आणि दोघांना मिळून विजेते जाहीर करून टाकलं. कप सहा महिने त्यांच्याकडे, सहा महिने आमच्याकडे. नरहरी सरांचा घसा पार बसला होता. निवड करायला आलेल्या साहेबांनी नावं वाचली, त्यात माझं होतं आणि लहानूचंही होतं. सरांनी माझ्याकडे पाहून बोट नाचवलं: सकाळी होकार.

लोक पांगले आणि आवाज कमी झाला तेव्हा कुठे बाबा जागे झाले. चेहरा ताजा, डोळे स्वच्छ. लहानूनं त्यांना “जय भीम, काका” केलं. त्यांनी “जय भीम” म्हणून त्याच्या पाठीवर थाप मारली. मग मी आणि बाबा सायकली हातात धरून घराकडे निघालो.

“किती झाले?” बाबांनी विचारलं.

“एक-एक.”

“तू मारला का?”

“हो.”

“चांगलं झालं.”

सडकेचं वळण जवळ आलं. मग मला राहवेना. “बाबा, तुमी पाहिलंच नाही. एकडाव पाहून सांगतो म्हणले होते. सर उद्या सकाळी इचारतीन. मी काय सांगू?”

बाबा थांबले. सायकलच्या हँडलवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. “अरुण,” ते म्हणाले, “सी शिफ्टमदे मी दिवसा घरी कधी झोपलोच नाही.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

“मिलमदे रातभर लोखंड वाजते. त्या आवाजात डुलकी येते अन् ती आवरत आवरत काम करा लागते. घरी येतो त एकदम सामसूम. मंग डोळा लागतच नाही. पडून राहतो. तुमच्या बॉलचा एखादा टप्पा कानावर येते का, पाहतो. तुमी पोट्टे त तोही आवाज करत नव्हते. आज इथं पडलो अन् कवा झोप लागली, मले समजलं नाही. असा झोपलो, असा झोपलो!”

“मंग आईले कावून नाही सांगितलं?” मी जवळजवळ ओरडलोच. ओरडायला नुकताच शिकलो होतो.

“सांगणार होतो. पण तवरी तिनं कुकर बंद केला. भाजीवाल्याशी भांडली. सारी सडक गप्प केली माह्यासाठी. मंग कसं सांगू? सांजेला उठलो का इचारते, झोप झाली का? मी हो म्हणतो. तवा तिचा चेहरा तू पाहिला नाहीस, मी पाहिला.”

मला आईची कीव आली, बाबांचा राग आला, आणि दोघांबद्दल इतकं काही दाटून आलं की रस्ता नीट दिसेना. इतकी वर्षं हा माणूस डोळे मिटून पडून होता आणि ती बाई बाहेर डाळ शिजवत पहारा देत होती.

“तू जाय,” बाबा म्हणाले आणि चालू लागले. “मले फुटबॉलमधलं काही समजत नाही. पण जिथं मले अशी झोप लागली, ते काम वाईट नसन. तिले सांगजो, बाबांनी सारा खेळ पाहिला. बाकी काही बोलू नको.”

मी तसंच सांगितलं. आईनं त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली, आणि माझं जाणं ठरलं.

जायच्या आदल्या दिवशी मला एक युक्ती सुचली. “आई,” मी म्हटलं, “मी नसलो की तुले घर खायला उठन. दिवसा रेडिओ लावत जाय. जरा मोठ्यानं. आमच्या मॅचची बातमी कवा सांगतीन, नेम नाही.” रेडिओवर आमच्या मॅचची बातमी कोण देणार होतं! पण हे तिला माहीत नव्हतं.

“अन् याईची झोप?”

“लाव नं,” बाबा वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले. “पोराची बातमी आली त मलेही ऐकू येईन.”

आईनं खूप वेळ विचार केला. एकीकडे नवऱ्याची झोप, दुसरीकडे पोराची खबर. शेवटी तिनं रेडिओ मधल्या खोलीत आणून ठेवला.

आम्ही दुसऱ्या फेरीत हरलो. लहानूचा आवाज त्या मैदानावरही सगळ्यात मोठा होता, आणि तो पुढे रेल्वेत लागला तेव्हा त्यांच्याही टीमचा गोली झाला. पण ते नंतरचं. महिना उलटून मी दुपारच्या गाडीनं परत आलो. मला लांबूनच आमचा रेडिओ ऐकू आला. शेतकऱ्यांचा कार्यक्रम चालू होता आणि कोणीतरी मोठमोठ्यानं भाताच्या वाणांबद्दल बोलत होतं. घरात पाऊल टाकलं तर त्याच्याहीवर एक आवाज होता. मागच्या खोलीत बाबा घोरत होते.

आईनं माझा हात धरून मला स्वयंपाकघरात ओढलं. बारीक झालास, काळा झालास, हे सगळं नंतर. आधी तिनं मागच्या खोलीकडे बोट दाखवलं.

“पाह्य, कसे झोपून राहिले! तू गेला तवापासून असंच. इतक्या वर्षांत मी त्याईले असं घोरताना पाहिलं नाही. मी सांगत होती नं? तुह्या त्या फुटबॉलनंच त्याईची झोप उडवली होती.”

मागच्या खोलीतलं घोरणं क्षणभर थांबलं, आणि मग पुन्हा सुरू झालं.

“खरं आहे, आई,” मी म्हटलं, आणि ती इतकी खुलली की मी आणखी एकदा तसंच म्हटलं.